प्रशासकीय कारणास्तव

शालिमारजवळच्या वाचनालयात
पंख्याखाली वाचतोय इंग्लंडच्या राजाचं फर्मान,
सातशे वर्षांपूर्वीचं, शेरीफच्या नावे:
मढ्यांचे पंचनामे करणारा राल्फ
आता थकला, लकवा झालाय,
त्याच्या जागी दुसरा निवडावा.
खाली लाख.

राजाला कसं कळलं?
तो तर तेव्हा फ्रान्सच्या चिखलात अडकलेला.
राल्फचा हात कापतो
हे फार तर शेजाऱ्याला ठाऊक,
नाहीतर बायकोला.

माझ्या खिशात चौघडी घातलेला कागद:
श्री. निवृत्ती कोंडाजी गांगुर्डे,
तलाठी, सजा गिरणारे,
यांची बदली सुरगाण्याला.
प्रशासकीय कारणास्तव.
सही करणाऱ्या साहेबांनी
मला कधी पाहिलेलंही नाही.

होळीच्या आदल्या रात्री
मुरमाचा एक ट्रॅक्टर मी सोडला नव्हता.
तो कुणाचा,
हे कोतवालाच्या पोरालाही सांगता येईल.

राल्फ, तूही
कुणाच्या मढ्यावर
‘पाय घसरून’ असं लिहायला
नाही म्हणाला होतास का?

हात तर माझाही
सातबाऱ्यावर कधी कापला नाही.

ग्रंथपाल विचारतो, पुस्तक घरी नेणार?
म्हटलं, नको.
पत्ता बदलतोय.