रसत्याग

सांगलीत भडंगाचं दुकान
आणि मालकीण भात खात नाही,
हे एकदा मार्केट यार्डापासून हरिपुरापर्यंत पोचलं
की मग तुम्ही दुकान चालवत नाही,
दुकान तुमच्यावर चालून येतं.

"राजमतीबाई, तुम्हाला चालत नाहीत चिरमुरे,
आणि आम्हाला बरे विकता!"
मी म्हणते, बांगडीवाला कुठं बांगड्या घालतो,
आणि अर्धा किलो बिनलसणाचं बांधून देते.

दर रविवारी आमराईत भरतं
साखरवाल्यांचं मंडळ.
चौदा जण, चौदा डबे, चौदा आकडे.
एकमेकांना आधार द्यायला जमतो आम्ही.
बाबगोंडा सर, भूगोलाचे, निवृत्त:
"शाळूच्या मुलखात राहून भाकरी सोडायची?
मग जतच्या काळ्या मातीनं करायचं काय?"
चौगुले कंपाउंडर एकच शब्द बोलतात. "किडनी."
आणि बोटानं हवेत फुली मारतात.
कुसुमताई शेडबाळे दर आठवड्याला:
"चक्कर येऊन पडशील बघ एक दिवस."

माझी तीन महिन्यांची साखर
नऊ पॉइंट चारवरून सहा पॉइंट नऊवर आली,
तर सरांनी विचारलं, लॅब कुठली?

आमच्यात अंडं नाही, मटण नाही, कंदमूळ नाही,
जेवण दिवस मावळायच्या आत.
त्यातनं मी भाकरी, भात, गूळ, केळं काढलं
तेव्हा माझ्या पुढ्यातला दोडका, पनीर, शेपू
आणि भिजवलेले शेंगदाणे बघून
सासूबाई म्हणाल्या,
"बाकीचं येतंय ना अजून?"

गेल्या भाद्रपदात थोरल्या जाऊबाईंनी
वर्षभरासाठी गोड सोडलं.
देवळात, महाराजांसमोर नियम घेतला.
गल्ली पाया पडली.
आमच्या घरात दोन ताटं शेजारी शेजारी,
दोन्हींत खिरीची जागा मोकळी.
त्यांचा तो त्याग.
माझे ते थेर.
मी पण देवळातच सांगायला हवं होतं बहुतेक,
रक्त तपासायला गेले तिथं चुकलं.

एक गोष्ट मंडळात सांगितली नव्हती.
फेब्रुवारीत, गोदामात पोती मोजताना
सतराव्या पोत्यापाशी आकडा सुटला.
घाम. हात थरथर. डोळ्यांपुढं काजवे.
ताट नवं होतं, गोळी जुनीच चालू होती.
पोऱ्यानं साखर चारली, चमच्यानं,
जी मी शत्रूसारखी घराबाहेर ठेवली होती.
आठ दिवसांनी डॉक्टरकडं गेले.
गोळी अर्धी केली त्यांनी, म्हणाले,
आधी का नाही आलात?

का नाही गेले?
कुसुमताई बरोबर ठरल्या असत्या म्हणून.

परवा मंडळात एक पोरगी आली, विट्याची.
बाळंतपणात चढलेली साखर उतरलीच नाही म्हणे.
बाकाच्या टोकाला बसून तिनं डबा उघडला:
दोन चपात्या, एक केळं.
माझ्या जिभेवर वाक्य तयार,
अगं, केळं? आणि चपाती? एवढ्यात मरायचंय का?
फुली मारायला बोटसुद्धा उचललं होतं मी.
बोट माझं,
फुली चौगुल्यांची.

शेंगदाण्याबरोबर गिळलं ते वाक्य. अडकलं थोडं.
मग तिला सतरावं पोतं सांगितलं.
म्हटलं, ताट बदललंस तर गोळी आधी विचारून घे,
आणि नाही बदललंस तरी रविवारी ये.

कुसुमताई ऐकत होत्या.
"मी म्हणतच होते," म्हणाल्या.
म्हणाल्याच. सोडतात थोड्याच!
पण उठताना माझ्या पिशवीत
परसातले दोन दोडके सरकवले,
बघितलं न बघितलं असं करून.

संध्याकाळी कढई उतरते.
चिरमुऱ्यावर हळद, तिखट, कढीपत्ता,
हात कोपरापर्यंत पिवळा.
मीठ बघायला एक दाणा जिभेवर ठेवते.
फुटतो, विरघळतो.
तो मी कुणाला सांगत नाही,
वहीतही लिहीत नाही.