तिसरा डबा

बुशहर, २६ एप्रिल १९३३.
पेट्रोलचे डबे उतरवले एकशे बारा,
विमानात रिकामे केले एकशे नऊ.
गळके तीन. हे आधी लिहितो,
कारण साहेब विचारतील ते एवढंच.

बाकीचं वहीच्या मागच्या पानावर.

ॲम्स्टरडॅमहून बटाव्हियाला जाणारं विमान
दीड तास उशिरा आलं. शमाल सुटला होता.
धावपट्टी म्हणजे खारवट जमीन
आणि तिच्यावर चुन्याची एक रेघ,
इस्फंदियार रोज सकाळी ओढतो ती
आणि गाढवं रोज दुपारपर्यंत पुसतात ती.

मेकॅनिक खाली उतरला. हॉफ्स्ट्रा. कानात अजून इंजिन,
म्हणून ओरडून बोलायचा.
सांबराच्या कातड्यातून पेट्रोल गाळता गाळता ओरडला,
आज आमच्या देशात मतदान!

त्याची इंग्रजी उसनी, माझीही उसनी.
व्याज तेवढं मी एकटाच भरत होतो.

जायलाच लागतं, म्हणाला. नाही गेलं तर दंड.
आई जाते गुडघे धरून, बायको जाते.
आता मला चिठ्ठी येईल, का आला नाहीत?
मग काय उत्तर द्याल?
लिहीन, बुशहरला होतो. तिथे पेटी नव्हती.

मत न दिल्याचा दंड.
हे मी मनातल्या मनात मराठीत मांडून पाहिलं.
शब्द सगळे जागेवर बसले
तरी वाक्य काही उभं राहीना.
आमच्या हर्णैत मत आहे खोताला,
दोन वकिलांना, आणि एका गलबतवाल्याला.
दंड म्हणाल तर आमच्या घरानेही भरलाय.
धाकट्याने. सहा महिने. मूठभर मिठापायी.
इथे बुटांना चिकटून खोलीपर्यंत येतं मीठ,
आणि कुणी हाक मारत नाही.

त्याने खोक्यावरचा कागद फाडून पसरला.
चोपन्न याद्या आहेत, म्हणाला, चादरीएवढी मतपत्रिका.
पाद्र्यांचे, कामगारांचे, दुकानदारांचे,
आणि पाद्र्यांशी भांडलेल्या पाद्र्यांचे.
प्रत्येकापुढे पांढरा ठिपका. एकच भरायचा,
तांबड्या पेन्सिलीने. पेन्सिल त्याच्या खिशातच होती.

मी विचारलं, ते फेब्रुवारीतलं जहाज?
सुमात्र्याजवळ, पगार कापला म्हणून खलाशी उठले होते ते?
त्यावरच तर निवडणूक चालली आहे, म्हणाला.
म्हटलं, त्यातल्या जावाच्या खलाशांना आहे का चिठ्ठी?

त्याने पाना पुसला.
पुसलेला पाना पुन्हा पुसला.
वरून बॉम्ब टाकला, म्हणाला, विमानातून.
पहिल्यांदाच तो ओरडला नाही.

मग आमच्याकडे पाठ केली.
चहूकडे कोसभर माणूस नाही,
मी, इस्फंदियार आणि ती गाढवं,
तरी पाठ करून, हाताचा आडोसा धरून
त्याने एक ठिपका भरला, घडी घातली,
आणि इकडेतिकडे बघू लागला.
मी एक रिकामा डबा पुढे केला.

पेन्सिल माझ्या हातात देऊन तो चढला.
पंखे फिरले, चुन्याची रेघ उडाली.
इस्फंदियारला वाटलं हा डचांचा नवस असावा;
त्यानेही एक चिठोरं मागितलं,
अंगठ्याएवढा गोळा काढला, भरला,
बिस्मिल्ला म्हणून आत सोडला.
मी काय टाकलं ते लिहीत नाही.
ते तसंच असतं म्हणतात.

तेव्हा साहेब, गळके खरे दोनच.
तिसरा धड आहे, माझ्या खाटेखाली आहे.

इस्फंदियार रोज मागतो,
घरी बायकोला पाणी भरायला डबा हवाय.
देतो म्हटलं, देतो.
मोजणी व्हायची आहे अजून.