माइक टेस्टिंग

लुमाण्णा सांबरेकरच्या सुनेनं
बटाट्याच्या पोत्यातून कॅसेटी आणून ओतल्या
शहापूरच्या वाचनालयाच्या माडीवर.
दोनशे बारा. मोजून घ्या म्हणाली,
आणि पोतं तेवढं परत द्या.

काहींवर बुरशी, लोणच्यावर धरते तशी.
काहींची फीत सुटून बाहेर लोंबलेली.
भोकात पेन्सिल घालून मी फिरवते.
टेलिफोन एक्स्चेंजात तेहतीस वर्षं काढलेली बोटं,
त्यांना ठाऊक आहे
आवाज ओढायचा नसतो, येऊ द्यायचा असतो.

लुमाण्णाचे कर्णे भाड्यानं मिळत.
सीमाप्रश्नाच्या सभेला मिळत,
कन्नड राज्योत्सवालाही मिळत. दर तोच,
जनरेटरचं डिझेल ज्याचं त्यानं आणायचं.
कॅसेट महाग पडे,
म्हणून मंगळवारची सभा पुसून
तिच्यावर शनिवारचं व्याख्यान.
पुसून म्हणजे काय, झाकून.

शिवलीला कन्नड ऐकते, मी मराठी.
हेडफोनची एक वाटी तिच्या कानाला, एक माझ्या.
क्रमांक सत्त्याऐंशी:
वक्ता गरजतो, एक इंचही मागं हटणार नाही,
आणि श्वासाला थांबतो तेव्हा
खालून दुसरा कुणी, तितकाच तापलेला,
बहुधा तेच म्हणतोय.
बहुधा नाही, शिवलीला म्हणाली, अगदी तेच.
आम्ही हसलो नाही. चहा सांगितला.

फीत वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली
की एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यात उतरतो.
शब्द यायच्या आधी त्याची सावली येते.
'बंधूंनो'च्या आधी एक पुसट 'बंधूंनो'.
टाळ्यांच्या आधी, भाजणीत तडतडल्यासारख्या, टाळ्या.
सभेला आधीच सगळं माहीत असल्यासारखं.

तक्त्यात रकाने: वक्ता, तारीख, ठिकाण, भाषा.
भाषा एकच भरायची.
दुसऱ्या गेटजवळच्या सभेत गाडी येते,
वक्ता थांबतो, तीन मिनिटं नुसती मालगाडी.
तिची भाषा?
खोकल्याची?
गर्दीत आईचा हात सुटलेल्या पोराच्या रडण्याची?
क्रमांक एकशे चाळीसमध्ये काचा फुटतात,
पळणारे पाय, एक चप्पल फरफटत,
मग कर्ण्याची शीळ, कॅसेट संपेपर्यंत.
बंद करायला कुणी उरलं नव्हतं.
ती मी पूर्ण उतरवून घेतली.

पण सांगायचं होतं ते निराळंच.
प्रत्येक कॅसेटच्या तोंडाशी लुमाण्णा आहे.
हॅलो. हॅलो. माइक टेस्टिंग. एक, दोन, तीन.
कन्नड कार्यक्रम असला की ओंदु, एरडु, मूरु.
मग एक फुंकर.
एकदा घाईत असावा, किंवा जेवण राहिलं असावं:
एक, दोन, मूरु.
मी कान देऊन ऐकलं.
कुणी ओरडलं नाही, खुर्ची आपटली नाही,
मागून कुणीतरी म्हणालं, येतंय, येतंय आवाज.

नियमावली म्हणते,
भाषणापूर्वीचा अनावश्यक भाग कापावा.
मी कापते.
कापलेलं एका वेगळ्या फाइलीत जोडत जाते.
सतरा मिनिटं भरली आहेत.
तीनच्या पुढं कधी न गेलेला माणूस.

सून गुरुवारी पोतं न्यायला आली.
मी हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवला.
पहिल्या फुंकरीला तिनं मान मागं घेतली,
पदर सावरला.
'मामंजींनी भाषण केलंय काय कुठं?'
नाही, म्हटलं.
'मग ठिवून काय करतासा?'

शिवलीला खिडकीकडं बघत राहिली.
त्या फाइलीचा भाषेचा रकाना
अजून कोरा आहे, आणि वक्त्याचाही.
पोतं काखेत मारून ती जिना उतरू लागली,
एक हात कठड्यावर.
ओठ हलत होते,
पायऱ्या मोजत असावी.