दोन्ही ओळी

टिळकवाडीच्या दुसऱ्या फाटकापाशी आमचं दुकान.
दुकान कसलं, पत्र्याचा आडोसा,
टर्पेंटाइनचा वास, आणि वर पाटी:
रुझार बारदेस्कर, पेंटर.
एक ओळ मराठी, एक ओळ कानडी,
दोन्हींची उंची साडेचार इंच.
लोकांनी पट्टी लावून बघितलीय,
दोन्हीकडच्या लोकांनी.

ऑक्टोबर संपत आला की मला धडकी भरते.
एक तारखेला गावात एक लाल-पिवळा जल्लोष निघतो,
आणि एक काळ्या फितींची फेरी.
दोघांना बॅनर लागतात, दोघं रोख देतात,
दोघं विचारतात, "तू नक्की कुणाचा रे?"
हा दोघांना चहा पाजतो.
"जयजयकार लिहितो," म्हणतो, "शिवी लिहीत नाही."
शिवी नसलेला बॅनर हवाय कुणाला?
गेल्या साली दोन्ही कामं गेली
कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवाल्याकडं, एकाच मशीनवर,
सकाळी ह्यांचं, दुपारी त्यांचं.
फ्लेक्सवाल्यानं वर मजला चढवला.
कपडे वाळत घालताना
मी तो मजला रोज बघते.

खोटं कशाला बोलू, मला हवा होता मजला.
आयव्हनची फी थकलेली.
भांडले मी. म्हटलं, मिस्साला सगळेच जातात,
घरी येऊन सगळेच हिशेब बघतात,
तूच एकटा कोण लागून गेलास?
तो ब्रश धूत राहिला.
मग म्हणाला, "काय की, अनमारी.
भीतीच असेल माझी.
एकदा लिहिलेलं पुसत नाही गं."

एका रात्री पोरं आली.
डांबराचा डबा, पाचशेच्या चार नोटा.
"समोरच्या दवाखान्याची पाटी. अर्धीच मिटवायची."
कुठली अर्धी? त्याला विचारलं तर म्हणतो, आठवत नाही.
खोटं त्याला एवढं एकच येतं.
नोटा परत गेल्या, डबा दारात राहिला.
सकाळी बघते तर आमचीच पाटी काळी.
पूर्ण. दोन्ही ओळी.
"भेदभाव नाही केला बघ," म्हणाला, आणि हसला.
मी नाही हसले.

एक तारखेला तो दुकान उघडत नाही.
दुसऱ्या दिवशी मेलेल्यांचा सण,
म्हणून आदल्या दिवशी सिमेटरीत, गुडघ्यांवर,
झिजलेली अक्षरं भरत बसतो.
ह्या साली मीही गेले. दुसरं करणार काय,
रस्ते बंद, लांबून घोषणा,
कधी ह्या अंगानं, कधी त्या.
दोरी धरायला माणूस हवं होतं.
निळीत बुडवलेली दोरी,
एक टोक त्याच्याकडं, एक माझ्याकडं,
ताणून सोडली की दगडावर रेघ उमटते.
मराठी अक्षरं रेघेला खालून लोंबतात.
कानडी रेघेवर बसतात, डोक्याला तुरा खोचून.
कामील. आरोग्यम्मा. दुमिंग. ज्ञानप्रकाश.
एका दगडावर काहीच उरलं नव्हतं,
कुठली लिपी होती तेही नाही.
त्यानं बोट फिरवलं, परत फिरवलं,
मग नुसता क्रूस भरला,
आणि त्यालाच सगळ्यांत जास्त वेळ लावला.

राखणदार यल्लाप्पाचं छप्पर गळत होतं.
ते डांबर तिथं चिरेवर थापलं.
फुकटचं, आणि चांगल्या प्रतीचं.

निघताना ओलं फडकं घेऊन
तो एकेका दगडावरची रेघ पुसत आला.
"राहू दे की, फुलांखाली कुणाला दिसणार?"
"रंगानं धरलं की तिचं काम संपतं," म्हणाला,
आणि पुसतच राहिला, अंधार पडेपर्यंत.

घरी भाकरी थापली तर पिठात निळी झाक.
आयव्हन म्हणाला, हे काय?
खा, म्हटलं.

पाटी अजून काळीच आहे.
लोकांना दुकान सापडतं.
काहींना.