घटक: वाल

दिवसभर मी दुसऱ्यांची साखर मोजते.
परळच्या लॅबमध्ये, तळमजल्यावर, बावीस वर्षं.
जांभळ्या टोपणाच्या नळ्या रॅकमध्ये लावते,
नावं वाचते, चेहरे वाचत नाही.
फेब्रुवारीत त्यातली एक नळी माझी होती.
यंत्राला ओळखबिळख काही नसते.
सहा पूर्णांक तीन.
सावियो म्हणाला, मॅडम, कॅलिब्रेशन परत बघू का?
बघितलं. यंत्र बरोबर होतं.

मग सगळेच वैद्य झाले.
जाऊबाईंनी भात सोडायला सांगितला,
चौथ्या मजल्यावरच्या छेडाभाभींनी गहू,
विद्याधरच्या मित्राने तर रात्रीचं जेवणच.
सगळ्यांचं ऐकलं असतं तर ताटात
मीठ आणि लिंबाची फोड उरली असती.

मी एवढंच केलं,
एका रविवारी फडताळातली पाकिटं ओट्यावर पालथी मांडली
आणि रिपोर्ट वाचावा तसं मागचं बारीक वाचलं.
मल्टीग्रेन बिस्किट: मैदा, साखर, पामतेल,
मग नुसतेच आकडे, चारशे एकाहत्तर, पाचशे तीन,
आणि सगळ्यांत शेवटी, उपकार केल्यासारखी,
नाचणी. दीड टक्का.

दादरला पुलाखाली फिलोमिना बसते, वसईची.
तिच्या पाटीतल्या वालांवर काही छापलेलं नसतं.
गमतीनं विचारलं, यात काय काय घातलंय गं?
तिने माझ्याकडे असं पाहिलं,
जसं मी चहा पिऊन उपाशीपोटीची तपासणी करायला आलेल्या माणसाकडे पाहते.
"वाल," म्हणाली. "आणखी काय असणार?"

वालांना घाई चालत नाही, हे मी विसरले होते.
एक रात्र पाण्यात,
एक दिवस माझ्या जुन्या सुती ओढणीत,
मग मोड, मग पुन्हा कोमट पाणी, मग सोलणं.
विद्याधर बातम्या बघत सोलतो.
निम्मे वाल बोटांतून निसटून सोफ्याखाली जातात,
शिव्या वालांना की बातम्यांना, कळत नाही.
एकवीस वर्षांत एका परातीभोवती
इतका वेळ आम्ही कधी बसलो नव्हतो.
बोलण्यासारखं फार निघतं, असंही नाही.

आईला साखर होती. ती चोरून खायची.
दुपारी डब्याचं झाकण उघडताना
पदर धरायची वर, आवाज होऊ नये म्हणून.
मला ऐकू यायचं.
मी नुकती नोकरीला लागले होते, सगळं शिकलेली,
मी डब्यातले पेढे मोजून ठेवायचे.
आता वाटतं, समोर बसून
एक पेढा अर्धा अर्धा करायला हवा होता.

म्हणून परवा सावियोच्या मुलीच्या कम्युनियनचा केक आला,
तो खाल्ला. कोपऱ्याचा तुकडा,
जिथे आयसिंग दोन बाजूंनी असतं.
सगळ्यांच्या देखत.
संध्याकाळी ज्वारीची भाकरी थापली,
प्रायश्चित्त म्हणून नाही, पीठ ताजं दळून आणलं होतं म्हणून.
तव्यावर टाकताना तुटली. तुटकीच खाल्ली,
मेथी आणि कच्च्या कांद्याशी.
शुक्रवारी बोंबील. रव्यात घोळवून, तळलेलेच.
एकदा नुसते भाजून बघितले होते.
विद्याधरने ताट सरकवलं नाही,
फक्त बोंबलाकडे पाहून म्हणाला, बिचारा.

आज मे महिन्याची एकोणीस तारीख.
पुन्हा एक जांभळं टोपण, रॅकमध्ये सातवं.
रक्त तीन महिन्यांचं सगळं लक्षात ठेवतं,
वाल ठेवतं, केक ठेवतो म्हटलं तरी तेच ठेवतं,
पदराचा आवाज ठेवतं की नाही,
त्याची तपासणी आमच्याकडे होत नाही.
यंत्र घरघरतंय.
पलीकडच्या खोलीत माझ्या डब्याचं झाकण
सावियोने आधीच उघडलंय, बिरड्याचा वास इथवर आलाय.
आकडा यायला दोन मिनिटं आहेत.
मी हात धुऊन घेते.