मधली सुई

ती पडली लिफ्टच्या फटीत.
सहावा मजला, सेक्टर आठ, ऐरोली.
बोटभर लांबीची, मधे बाक असलेली,
नेगीबाईंनी पौडीहून आणलेली सुई.
खाली कुठेतरी टिंग झालं
आणि दार मिटलं.

नेगीबाई गावाला. दिवाळीशिवाय येणार नाहीत.
स्वेटर अर्ध्यावर आणि पिळाची ओळ तोंडावर.

ऐरोलीत स्वेटर कुणाला, लोक विचारतात.
बाहेर छत्तीस, पंख्याखालीही लोकर हाताला चिकटते.
पण आमची करिश्मा महाप्याला
सर्व्हरच्या खोलीत रात्रपाळी करते,
तिथे बारा महिने अठरा.
भर मे महिन्यात घरून निघते
डबा, पाण्याची बाटली आणि मफलर घेऊन.
रिक्षावाला आरशातून बघत राहतो.

आधी उदबत्तीची काडी लावून पाहिली.
मोडली.
मग आकडा, मग पेनाची रिफिल.
रिफिलने पांढऱ्या लोकरीवर निळा ठिपका सोडला,
तो अजून आहे, काखेत, दिसत नाही.

मग म्हटलं, नसू दे.

चार टाके.
उजवी सुई मागून घालायची तिसऱ्या-चौथ्यात
आणि डावी चौघांतून काढून घ्यायची, सावकाश.
पहिले दोन मग कुणाचेच नसतात.
पुढे लोंबतात, चोची उघड्या टाकून.
खाली साठ ओळींची वीण
आणि वर काहीच नाही.
इथे श्वास धरायचा नसतो.
मी धरला.

त्या दोघांवर अंगठा ठेवला
तर अंगठ्याला आधीच ठाऊक होतं.
दिव्याच्या कोळीवाड्यात ओट्यावर बसून
बाबा फाटकं जाळं सांधायचे,
आणि फास धरायला मी, सात वर्षांची.
"दाबू नुको गो. निसता बोट ठेव."
पुढे खाडीचं पाणी काळं झालं,
जाळं माळ्यावर गेलं, मग माळाही गेला.

लोकर खरी असेल तर टाका पळत नाही,
केस केसाला धरून राहतो.
जांभळी नाक्यावरचं स्वस्तातलं असतं
तर गेला असता उसवत पार कमरेपर्यंत.
डाव्या सुईने त्या दोघांना उचललं,
उजवीवरचे दोघे तिलाच परत दिले,
आणि चार सुलट.
पीळ बसला.

सकाळी करिश्मा आली. दाखवलं.
चहा फुंकत म्हणाली, "आम्हीपण हेच करतो.
जुनी केबल काढलेली, नवी अजून लागलेली नाही,
तेवढ्यात कुणाकुणाचे पैसे हवेत असतात."
"मग तिथे अंगठा कोण ठेवतं?"
ती हसली.
मग कपाकडे बघत राहिली.
"मागच्या महिन्यात मी चुकीची ओढली.
चार सेकंद. परत लावली.
कुणाला कळलं नाही. तुला सांगतेय."

मी काही बोलले नाही.
डाव्या बाहीवरचा चौदावा पीळ तिच्यापुढे धरला,
बाकीचे सगळे उजवीकडे वळलेले
आणि हा एकटा डावीकडे.
आठ ओळी पुढे गेल्यावर लक्षात आलं होतं.
"उसवणार?"
"नाही."
बशीत ओतून उरलेला चहा प्यायली
आणि पडदे ओढून झोपली.

आता तो स्वेटर महाप्याला असतो, खुर्चीच्या पाठीवर.
तिथे प्रत्येक केबलला चिठ्ठी लावतात म्हणे,
कुठून कुठे जाते त्याची.
एकदा धुवायला घरी आणला
तर चौदाव्या पिळाला पिवळी चिकटपट्टी होती,
तिच्या अक्षरात: आई ते मी, हात लावू नये.
धुताना मी ती काढली,
आणि वाळल्यावर परत लावली.

गणपतीच्या आधी लिफ्टवाल्याने खड्डा साफ केला.
दोन किल्ल्या, एक पैंजण, रुपयाची सात नाणी
आणि सुई.
नेगीबाईंना देऊन टाकेन, आल्या की.
तोवर स्वयंपाकघरात आहे.
कुकरच्या शिट्टीचं भोक मोकळं करायला
तो बाक बरा पडतो.