आभारप्रदर्शन

दहावीच्या निरोपसमारंभात माझ्याकडं आभार आले.
म्हणजे शेवटचं भाषण,
जे सुरू झालं की मागच्या रांगा उठतात.
कागदावर नावं होती: अध्यक्ष, पाहुणे, मांडववाले,
माइकवाले कादरभाई, ज्यांचा माइक नेमका तेव्हाच गेला.
मी ओरडून म्हटलं, "ज्ञात-अज्ञात सर्वांचे",
आणि उतरलो.
टाळ्या पोह्यांसाठी वाजल्या.

सायकल स्टँडपाशी आली तोवर
ते अज्ञात कोण, हे डोक्यातून जाईना.

आमच्या घरात आभार हा शब्द नाही.
कोणी म्हटलाच
तर अण्णा कपाळाला हात लावून ताप बघतील.

आई कंडक्टर, गंगाखेड आगार.
आज पालम, उद्या राणीसावरगाव, परवा कुठंतरी मुक्काम.
अण्णा घरी दप्तरं शिवतात आणि भाकरी थापतात.
दप्तराची शिवण एका रेषेत,
भाकर मात्र आजवर एकही गोल नाही.
मनस्वी तव्यात वाकून सांगते,
ही पाथरी, ह्या भाकरीला जिंतूरचं टोक आलंय.
आम्ही तालुका तालुका करून जिल्हा खातो,
येसराच्या आमटीत बुडवून.

मुक्काम नसला तर आईशिवाय ताट वाढत नाहीत.
ती हातपाय धुऊन बसली
की एकच प्रश्न, रोज, तिघांचा मिळून:
"आज कोण बसलं होतं?"

मग येतो कोंबडीला अर्धं तिकीट मागणारा माणूस,
मांडीवर मिक्सरचं खोकं धरून सासरी निघालेली नवरी,
परीक्षेला चाललेली पोरगी, वाटभर ओठ हलवणारी,
जिच्यासाठी गाडी कॉलेजच्या फाटकालाच थांबली,
थांबा नसताना.
मी पुणं बघितलेलं नाही.
पण माझ्या ओळखीची माणसं
एका गाडीत मावणार नाहीत.

नळ आठ दिवसांनी येतो, पहाटे तीनला.
शमीमखाला भिंतीवरून पाइप टाकतात,
आम्ही झोपेत असतो, पिंप भरलेलं असतं.
त्यांच्या नातवाच्या दप्तराची चेन अण्णा बसवतात.
पैशाचं काढलं की दोघंही सारखेच चिडतात.
हिशेब कुठंच लिहिलेला नाही,
दोघांना तोंडपाठ आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली.
नऊ वर्षांचा होतो, आईच्याच गाडीत बसलो,
शेजारी वर्गातला पोरगा, त्याला ऐट दाखवत.
आईनं मशीन दाबलं, माझं अर्धं तिकीट काढलं,
स्वतःच्या पाकिटातले पैसे सरकारी पिशवीत टाकले
आणि म्हणाली, "जपून ठेव, चेकर येईल."
मी दोन दिवस बोललो नाही तिच्याशी.
ते तिकीट अजून कंपासपेटीत आहे.
शाई उडून गेली,
आता नुसता कोरा कागद.
आज भाषणाच्या आधी तो खिशात ठेवला होता.
का, माहीत नाही.

रात्री विचारलं, "आज कोण बसलं होतं?"
आई घास चावत म्हणाली,
"एक म्हातारी. केरवाडी फाट्याला उतरली,
मागं वळली, गाडीच्या पायरीला हात लावला
आणि कपाळाला लावून गेली."
"तुझ्या पाया पडली?" मनस्वी म्हणाली.
"माझ्या कशाला पडेल? गाडीच्या.
तिकीट काढलं होतं की तिनं पुरतं,
तरीबी."

पहाटेची पाच दहाची पालम.
आई वेणी घालत होती.
मी तिची बाटली भरली, वरून ओलं फडकं गुंडाळलं.
खिळ्यावर तिची पिशवी,
पट्टा खांद्याच्या जागी काळा पडलेला.
इकडंतिकडं बघून
मी त्या पट्ट्याला हात लावला, मग कपाळाला.

"काय करायलास रं?"

काही नाही, म्हटलं.
धूळ बसली होती.